हायब्रिडची बॅटरी आणि नागपूरचे ऊन

महोदय,

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर आणि बॅटरीही असलेली गाडी, घरी चार्ज करावी लागते, असा समज आपल्याकडे अजून सर्रास आढळतो. वास्तविक प्लग नसलेल्या हायब्रिडमध्ये ब्रेक लावताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा मोटर जनित्रासारखी फिरून बॅटरीत साठवते आणि बाकीची वीज इंजिनच पुरवते. साध्या पेट्रोल इंजिनात इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा रेडिएटर व धुरावाटे निघून जाते. व्हरायटी चौकातल्या सिग्नलवर उभे असताना तर जळलेले सगळेच पेट्रोल फुकट. मात्र अनेक हायब्रिडमध्ये बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकत असताना हीच जाळी पिशव्यांनी झाकलेली मी पाहिली आहे. विक्रेत्यांनी गाडी ताब्यात देतानाच ती जाळी बोट ठेवून दाखवावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नागपूर