कट्ट्यावरच्या इतिहासाला उथळ म्हणू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या स्तंभात नुकतेच एका निवृत्त शिक्षकांचे पत्र वाचले. जगाच्या इतिहासातील 'गमतीजमती' सांगण्याची जी टूम मोबाइलवर आणि चहाच्या टपरीवर निघाली आहे, तिने इतिहासाचे गांभीर्य घालवले असून चार टाळक्यांनी एकत्र बसून राजेरजवाड्यांवर विनोद करणे म्हणजे अभ्यास नव्हे, असा त्या पत्राचा आशय होता. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराविषयी त्यांचे म्हणणे मला बहुतांशी पटते. चार टाळक्यांविषयी मात्र, मी स्वतः त्यांपैकी एक असल्यामुळे, दोन शब्द लिहिणे भाग आहे.

आम्ही वाईचे. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जी मंडळी जमतात त्यांत बँकेतून निवृत्त झालेले अण्णा आहेत, पौरोहित्य करणारे आणि पंचांग कोळून प्यायलेले गुरुजी आहेत, शेजारच्या गावात हळद आणि ऊस लावणारे बापू आहेत आणि टपाल खात्यात हयात घालवलेला मी आहे. आमच्यापैकी कोणीही इतिहासाचा पदवीधर नाही. आमचा दंडक एकच आहे: किस्सा कितीही रंगला तरी कोणीतरी 'कशावरून?' असे विचारायचे, आणि ज्याने किस्सा सांगितला त्याने पुढच्या बैठकीपर्यंत त्याचा माग काढून आणायचा. मराठी विश्वकोशाचे कार्यालय ज्या गावात आहे, त्या गावात 'कुठेतरी वाचले होते' ही सबब चालू देणे बरे दिसत नाही.

पत्रलेखकांनी उथळपणाचा नमुना म्हणून ऑस्ट्रेलियातील 'इमू युद्धा'चे उदाहरण दिले आहे. तो किस्सा आमच्याकडेही झाला. १९३२ सालच्या नोव्हेंबरात पश्चिम ऑस्ट्रेलियातील कँपियन भागात गव्हाची नासाडी करणाऱ्या इमू पक्ष्यांवर सरकारने मेजर मेरेडिथ यांच्या हाताखाली दोन लुईस मशिनगन आणि दहा हजार गोळ्या देऊन सैनिक धाडले, सोबत चित्रीकरणासाठी कॅमेरावालाही गेला, आणि पक्षी गोळीबार होताच लहान लहान टोळ्यांनी असे पांगले की लष्कराला आठवडाभरात माघार घ्यावी लागली. डिसेंबरच्या दहा तारखेपर्यंत दुसरी मोहीमही रेंगाळली, पण पक्षी काही हटले नाहीत. अण्णा हसून हसून बेजार झाले. बापू मात्र हसले नाहीत. रानडुकरांनी एका रात्रीत आडवा केलेला ऊस त्यांनी पाहिलेला आहे. त्यांनी विचारले ते एवढेच, की शेतकऱ्याने तोफखान्याकडे जावे अशी पाळी त्याच्यावर आली कशी?

या एका प्रश्नाने पुढच्या दोन-तीन बैठका खाल्ल्या. हे शेतकरी बहुतेक पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक होते, आणि सरकारने त्यांना जमिनी दिल्या होत्या त्या पाऊस बेभरवशाचा असलेल्या मुलखात. जागतिक मंदीत गव्हाचे भाव कोसळले होते आणि कबूल केलेले अर्थसाहाय्य पदरात पडत नव्हते. त्यातच विणीच्या हंगामानंतर आतल्या प्रदेशातून किनाऱ्याकडे सरकणाऱ्या सुमारे वीस हजार इमूंना साफ केलेली शेते आणि गुरांसाठी साठवलेले पाणी आयते मिळाले. त्यांनी मोडलेल्या कुंपणांतून ससे शिरले ते वेगळेच. मशिनगन काय करू शकते हे या शेतकऱ्यांनी युद्धात डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून त्यांनी संरक्षणमंत्र्यांकडे तीच मागितली. पाठ्यपुस्तकात 'जागतिक महामंदीचे परिणाम' या मथळ्याखाली जे चार मुद्दे पाठ करून आम्ही उत्तीर्ण झालो, त्यांचा अर्थ बापूंना आणि आम्हाला कळला तो त्या पक्ष्यांच्या पाठीमागे धावता धावता. याला पत्रलेखक अभ्यास म्हणणार नसतील, तर माझी हरकत नाही. पण हसण्यामुळे आमचे काही बुडाले असे मला वाटत नाही.

याहून मोठी करमणूक आमच्याकडे झाली ती तारखांची. इंग्लंडमधील लोक १७५२ साली २ सप्टेंबरच्या रात्री झोपले आणि दुसऱ्या दिवशी उठले ते थेट १४ सप्टेंबरला, ही बातमी अण्णांनी आणली. "म्हणजे कुंभकर्णाचे गाव म्हणायचे," बापू म्हणाले. अण्णांना झोपेची फिकीर नव्हती. "त्या अकरा दिवसांचे व्याज कोणी खाल्ले ते सांगा," असे त्यांनी विचारले, आणि प्रश्न थट्टेचा असला तरी त्याला खरेखुरे उत्तर आहे, हे शोधल्यावर कळले. ज्या कायद्याने दिवस गाळले, त्याच कायद्यात खंड, कर्जे आणि देणी यांच्या मुदती प्रत्यक्ष दिवस मोजून पुढे सरकवण्याची तरतूद होती, म्हणजे कोणालाही पैसे अकरा दिवस आधी भरावे लागणार नव्हते. ब्रिटनमधील प्राप्तिकराचे वर्ष आजही १ एप्रिलला नव्हे तर ६ एप्रिलला सुरू होते. त्याचे मूळही पूर्वी २५ मार्चला होणारे हिशेब या अकरा दिवसांनी पुढे ढकलले गेले, यातच आहे. अण्णा त्या दिवशी इंग्रज पार्लमेंटवर फार खूश होते.

दिवस गाळावे का लागले, हे समजावण्याचे काम गुरुजींनी केले. ज्युलियस सीझरने लागू केलेल्या कालगणनेत वर्ष तीनशे सव्वापासष्ट दिवसांचे, म्हणजे ३६५ दिवस ६ तासांचे धरले होते. सूर्याचे वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटांकडे कोण लक्ष देतो? परंतु शतकामागून शतके गेली तेव्हा वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र समान होण्याचा मार्चमधला दिवस, २१ मार्चऐवजी ११ मार्चला येऊ लागला आणि त्यावरून ठरणाऱ्या ईस्टरचा हिशेब बिघडला. म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर धरण्याची आज्ञा दिली आणि ज्या शतकवर्षाला ४०० ने भाग जात नाही ते लीप वर्ष नाही, असा नियम घातला. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीतील राज्यांनी तो तत्काळ पाळला. पोपचे ऐकायचे नाही म्हणून प्रॉटेस्टंट राज्ये आडून बसली, आणि इंग्लंडला शहाणपण सुचायला १७० वर्षे लागली; मध्ये जुन्या गणनेने १७०० हे लीप वर्ष धरल्यामुळे दहा दिवसांचा फरक तोवर अकरा दिवसांचा झाला होता. स्पेनमधील संत तेरेसा नेमक्या ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री निवर्तल्या, हे सांगितल्यावर बापू म्हणाले, "दुसऱ्या दिवशी १५ तारीख, म्हणजे सकाळ उजाडायच्या आत दहावा उलटून गेला की!" त्यावर गुरुजींनी गंभीरपणे खुलासा केला की दिवस तारखेवर नव्हे, तिथीवर धरतात, सबब काळजीचे कारण नाही.

इंग्रजांनी 'आमचे अकरा दिवस परत द्या' म्हणून दंगली केल्या, हा किस्सा मोबाइलवर हमखास येतो, आणि येथे पत्रलेखकांची तक्रार शंभर टक्के खरी ठरते. अशा दंगलींचा समकालीन पुरावा मिळत नाही. विल्यम होगार्थ या चित्रकाराने १७५५ च्या सुमारास निवडणुकीतील मेजवानीचे एक उपहासचित्र रंगवले. त्यात जमिनीवर पडलेल्या एका फलकावर ही घोषणा आहे. चित्रकाराची थट्टा पुढच्या लेखकांनी बातमी म्हणून वाचली आणि ती पुस्तकांतही गेली. ज्या गृहस्थांनी विनोदाला दोष दिला त्यांनी हेही पाहावे, की चूक थट्टा करणाऱ्याने केली नाही. ती न हसता वाचणाऱ्यांनी केली.

आमच्या हसण्याला सर्वांत अधिक खाद्य पुरवले ते स्वीडनने. एकदम दिवस गाळण्यापेक्षा १७०० पासून चाळीस वर्षे लीप दिवस टाळून हळूहळू नव्या गणनेशी जुळवून घ्यावे, असे त्यांनी ठरवले. १७०० साली एक दिवस टाळलाही. पुढे युद्धाच्या धामधुमीत १७०४ आणि १७०८ साली टाळायचा राहिला, आणि परिणामी स्वीडनची तारीख ना रशियाशी जुळे, ना फ्रान्सशी. १७०९ च्या पोल्टाव्हाच्या लढाईत स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स रशियाकडून हरला ती तारीख रशियनांच्या लेखी २७ जून, स्वीडिश लोकांच्या लेखी २८ जून आणि पश्चिम युरोपच्या लेखी ८ जुलै आहे. अखेर कंटाळून स्वीडनने जुनीच गणना परत धरली आणि त्यासाठी १७१२ च्या फेब्रुवारीला ३० दिवस दिले. ३० फेब्रुवारीला जन्मलेल्याचा वाढदिवस कधी, यावर आमचा एक तास गेला.

तेव्हाच गुरुजींनी आम्हाला आवरले. "त्यांना हसू नका. आपल्याकडे क्षयतिथी आली की एक तिथी सूर्योदय न पाहताच जाते, अधिक महिना आला की अख्खा महिना दोनदा येतो, आणि तुम्ही जावयाला अनारशांचे वाण देऊन मोकळे होता," असे ते म्हणाले. दाते पंचांगाचा आणि टिळक पंचांगाचा अधिक महिना कधी कधी वेगवेगळा येतो व त्या वर्षी सण महिन्याच्या अंतराने होतात, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? देशभरच्या अशा अनेक गणना पाहून शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या समितीने सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून अमलात आली. ती राजपत्रावर आणि आकाशवाणीवर असते, आमच्यापैकी कोणाच्याही घरच्या भिंतीवर नाही. स्वीडनचा राजा त्या संध्याकाळी आम्हाला पुष्कळ जवळचा वाटला.

या थट्टामस्करीतून आम्ही घरच्या इतिहासापर्यंत पोहोचलो, ते मला पत्रलेखकांच्या मुद्दाम नजरेस आणायचे आहे. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ रोजी झाला. त्याची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन गणनेची आहे; ग्रेगरियन गणनेने तो दिवस १६ जूनचा. त्या समारंभाला हजर असलेला हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रज वकील जुनी तारीख घालणार आणि गोव्याचे पोर्तुगीज नवी, कारण त्यांच्या राजाने ती केव्हाच स्वीकारली होती. टपालवाला म्हणून मला याचे विशेष वाटले: मुंबईच्या इंग्रजाने आणि गोव्याच्या पोर्तुगीजाने एकाच दिवशी पत्र लिहिले, तर दोन्ही पत्रांवरील तारखांत दहा दिवसांचे अंतर पडेल, आणि कोणते आधी लिहिले याचा वाद घालणारा दोघांनाही खोटे ठरवील. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही ज्युलियनच आहे. नव्या गणनेने ती १ मार्च. उत्सव कोणत्या दिवशी करावा याबद्दल मला येथे काही म्हणायचे नाही. परंतु या विषयावर आवाज चढवून बोलणाऱ्यांपैकी किती जणांना दोन गणनांची ही भानगड ठाऊक असते, असा प्रश्न पडतो. आम्हाला ती कळली, ती इंग्रजांचे व्याज कोणी खाल्ले या चौकशीतून.

सगळ्याच गोष्टींवर हसावे, असे माझे म्हणणे नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा विषय निघाला तेव्हा कट्ट्यावर कोणी विनोद केला नाही आणि करू नये असे कोणाला सांगावेही लागले नाही. मित्रांमध्ये एवढी समज असते. अनोळखी माणसांना एकाच वेळी पाठवलेल्या मजकुरात ती नसते, आणि पत्रलेखकांचा रोष त्या मजकुरावर असेल तर मी त्यांच्या बाजूचा आहे.

आता आपल्याकडे एक मागणे. आपल्या 'दिनविशेष' या सदरातून आमच्या बहुतेक गप्पांना तोंड फुटते. अशा सदरांत न्यूटनचा जन्म कधी २५ डिसेंबर १६४२ तर कधी ४ जानेवारी १६४३ असा छापलेला आढळतो, आणि गॅलिलिओ ज्या वर्षी वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्यही त्याला जोडलेले असते. दोन्ही तारखा बरोबर आहेत. ते वाक्य मात्र गॅलिलिओचा ८ जानेवारी १६४२ हा मृत्युदिन इटलीच्या नव्या गणनेने आणि न्यूटनचा जन्म इंग्लंडच्या जुन्या गणनेने धरला तरच टिकते. रशियातील 'ऑक्टोबर क्रांती' ७ नोव्हेंबरच्या रकान्यात का येते, हेही सदरात कोठे सांगितलेले नसते. तेथे ३१ जानेवारी १९१८ नंतरचा दिवस १४ फेब्रुवारी धरून नवी गणना आली, एवढ्या एका ओळीने काम भागेल. इंग्लंडच्या १७५२ पूर्वीच्या, रशियाच्या १९१८ पूर्वीच्या आणि आपल्याकडील शिवकालीन तारखांपुढे 'जुनी गणना' किंवा 'नवी गणना' हे दोन शब्द आपण छापत जावेत, आणि जागा असेल त्या दिवशी नोंद कोणत्या आधारावर दिली तेही सांगावे, अशी आमच्या मंडळींची विनंती आहे. फेब्रुवारीच्या रकान्यात स्वीडनच्या तिसाव्या दिवसाची नोंद कोठे बसवायची, हे आपल्या उपसंपादकांनी ठरवावे. अण्णांच्या मते ती १ मार्चला घ्यावी, गुरुजींचा त्याला विरोध आहे.

आपला नम्र,
घाटावरच्या मंडळींपैकी एक, वाई