आवाज वाढवायचं बटण आवाज कमी करतं, आणि दोष म्हणे माझ्या वायरिंगचा

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: हँडलवरची बटणं स्टिरिओला जोडणाऱ्या तुमच्या अ‍ॅडॉप्टरच्या माहितीपत्रकातली चूक, नाकारलेली वॉरंटी आणि त्यापायी झालेला नाहक खर्च

महोदय,

तुमची ती काड्यापेटीएवढी काळी डबी आत्ता माझ्या मोटरसायकलवर अगदी व्यवस्थित चालू आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे हे पत्र वाचून कुणी मला पुन्हा ‘रीसेट करून बघा’ असं कळवणार नाही. डबी चालते आहे, कारण तुमच्या माहितीपत्रकातलं पान ३ मी बाजूला ठेवलं. ते पाळत होतो तोपर्यंत चालत नव्हती. या पाळण्यात माझे सात आठवडे गेले, एक जास्तीचा अ‍ॅडॉप्टर विकत घेतला गेला आणि डाव्या मुठीचा अख्खा स्विच सेट उगाच बदलला गेला.

माझी गाडी जुनी आहे, लांब पल्ल्याची. तिच्यावर मुळात रेडिओ होता आणि त्याची पाच बटणं डाव्या मुठीजवळ, अंगठ्याच्या टप्प्यात आहेत: आवाज वर, आवाज खाली, पुढचं गाणं, मागचं गाणं आणि मोड. रेडिओने केव्हाच मान टाकली, बटणं मात्र ठणठणीत. नवा स्टिरिओ घेताना ती वाया घालवायची नाहीत एवढं मी पक्कं ठरवलं होतं. हातमोजे घालून स्टिरिओच्या तोंडावरची चिमुकली बटणं चाचपायची म्हणजे रस्त्यावरची नजर हटणारच, आणि दोन चाकांवर तेवढंही पुरतं. तुमच्या खोक्यावर ‘हँडलची मूळ बटणं वापरा’ असं ठळक छापलेलं दिसलं, म्हणून तुमची ही डबी घेतली.

जोडणी मी स्वतः केली. सीट काढली, टाकी उचलली, हेडलाइटच्या मागचा कपलर सोडवला. स्विचमधून दोन वायरी येतात, एक सिग्नलची आणि एक परतीची. मूळ हार्नेसमध्ये (गाडीच्या वायरींच्या जुडग्यात) ही परतीची वायर थेट जुन्या रेडिओपर्यंत जाते, वाटेत कुठेही बॉडीला टेकत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. तुमच्या अ‍ॅडॉप्टरला मात्र बटणांसाठी एकच पांढरी वायर आहे. परतीच्या वायरीचं काय करायचं, ते पान ३ वर दिलंय: ‘स्विचची काळी वायर हँडलच्या कोणत्याही धातूच्या भागाला जोडावी.’ मी निमूटपणे जोडली. मुठीच्या क्लॅम्पचा स्क्रू सैल केला, खालचा रंग खरवडला, गोल टर्मिनल क्रिंप करून स्क्रूखाली घट्ट आवळलं.

गाडी उभी असताना एकेक बटण दाबून अ‍ॅडॉप्टरला शिकवलं. पाचही बटणं पहिल्या फटक्यात शिकली. मी खूश. संध्याकाळी बाहेर पडलो, हेडलाइट लावला, आवाज वाढवायचं बटण दाबलं तर आवाज कमी झाला. पुन्हा दाबलं, आणखी कमी झाला. आवाज कमी करायचं बटण कधी आवाज कमी करायचं, कधी पुढचं गाणं लावायचं. अप्पर (हेडलाइटचा लांबचा झोत) लावला की हमखास पुढचंच गाणं. हँडल वळवलं की आणखी वेगळं काहीतरी. हेडलाइट बंद केला की सगळी बटणं एकदम शहाणी.

तुमच्या मदत केंद्राने यावर दिलेले सल्ले क्रमाने असे. आधी, रीसेट करा. मग, हेडलाइट चालू ठेवून बटणं पुन्हा शिकवा. (तसं केल्यावर रात्री बरोबर आणि दिवसा चूक, हे मी कळवल्यावर ‘मग दिवसाही हेडलाइट चालू ठेवा’ असं उत्तर आलं.) मग, तुमचा स्विच खराब आहे, तो बदला. जुन्या गाडीचा स्विच सेट मिळवणं म्हणजे काय, हे तो सल्ला देणाऱ्याला ठाऊक नसावं. मी तो शोधून आणला, बसवला, तेच रडगाणं. शेवटी म्हणाले, अ‍ॅडॉप्टर सुधारित आवृत्तीचा घ्या, पहिला वॉरंटीत पाठवा. दुसरा घेतला, त्याचं वागणंही हुबेहूब तसंच. पहिला परत आला तो एका ओळीच्या शेऱ्यासकट: ‘वायर कापलेल्या आढळल्या, ग्राहकाच्या चुकीच्या वायरिंगमुळे बिघाड, वॉरंटी लागू नाही.’

वायर कापलेल्या आढळल्या! तुमच्याच माहितीपत्रकाच्या पान २ वर पांढऱ्या वायरीचं टोक ‘कापून, सोलून’ जोडा असं चित्रासकट छापलंय. न कापता ती जोडायची कशी, ते तुमच्या वॉरंटी विभागाने मला एकदा करून दाखवावं.

त्या शेऱ्यानंतर मात्र मी हट्टाला पेटलो आणि जे पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं ते केलं: मल्टीमीटर काढला. स्विच गाडीपासून वेगळा करून बटणांचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) मोजला. आवाज वर १८० ओहम, आवाज खाली ३९०, पुढचं गाणं ६८०, मागचं १२००, मोड २२००. जुन्या आणि नव्या, दोन्ही स्विचचे आकडे सारखेच. म्हणजे स्विच पहिल्यापासून चांगला होता.

तुमची डबी आतून काय करते, हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे गवळ्याला दूध विकण्यासारखं आहे, पण मदत केंद्रातल्या एकालाही ते सांगता आलं नाही म्हणून लिहितो. पांढऱ्या वायरीवर डबी आतून १००० ओहममधून ५ व्होल्ट देते. बटण दाबलं की बटणाचा रेझिस्टन्स आणि आतले १००० ओहम मिळून ते ५ व्होल्ट वाटून घेतात, आणि पांढऱ्या वायरीवर किती उरले त्यावरून डबी ओळखते की बटण कोणतं. १८० ओहमला सुमारे ०.७६ व्होल्ट उरतात, ३९० ला १.४०, ६८० ला २.०२. दोन शेजारच्या बटणांमध्ये जेमतेम ०.६ व्होल्टचं अंतर, आणि सीमारेषा मधोमध. हा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: स्विचचा शून्य व्होल्ट आणि डबीचा शून्य व्होल्ट एकच असायला हवा.

आता माझी मुलगी गाडीवर बसली आणि मी खाली, मीटरची एक पिन हँडलच्या त्या स्क्रूवर, दुसरी डबीच्या स्वतःच्या काळ्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या वायरीवर. हेडलाइट बंद: ०.०० व्होल्ट. डिपर (जवळचा झोत): ०.४३. अप्पर: ०.४७. तिला म्हटलं हँडल डावीकडे-उजवीकडे हळू फिरव. आकडे नाचायला लागले. ती म्हणाली, ‘बाबा, हँडलला पण करंट येतो?’ तुमच्या मदत केंद्रातल्या चौघांपैकी एकालाही जो प्रश्न सुचला नाही तो तिला अर्ध्या मिनिटात सुचला.

येतो. माझ्या गाडीत हेडलाइटचं अर्थिंग पुढच्या ब्रॅकेटला आहे, त्यामुळे त्याचा परतीचा करंट पुढच्या लोखंडातून आणि कोनसेटमधून, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमधून, चेसीकडे जातो. कोनसेट म्हणजे ग्रीसमध्ये बुडवलेल्या गोळ्या. ती फिरण्यासाठी असते, वीज वाहून नेण्यासाठी नाही. तिथे ०.१ ओहमचा अडथळा असला तरी हेडलाइटचे सव्वाचार-साडेचार अँपिअर त्यातून जाताना सुमारे ०.४ व्होल्ट तयार होतात. तुम्ही माझ्या बटणांची परतीची वायर नेमकी त्या ०.४ व्होल्टने वर उचललेल्या टोकाला बांधायला लावलीत. मग १८० ओहमचं बटण डबीला ०.७६ ऐवजी १.१३ व्होल्टचं दिसतं, १.०८ ची सीमारेषा ओलांडतं, आणि डबी इमानेइतबारे आवाज कमी करते. ३९० ओहमचं बटण डिपरवर १.७१ वर, म्हणजे बरोबर सीमेवर लोंबकळतं, अप्परवर १.७४ ला पलीकडे जातं आणि गाणं बदलतं. माझ्या गाडीचं प्रत्येक चक्रम वागणं या हिशेबात बसतं. ज्या गाड्यांचं हँडल रबरी बुशांवर बसवलेलं असतं त्यांची तर गोष्टच सोडा. तिथे ‘कोणताही धातूचा भाग’ चेसीला टेकलेला असेलच असं नाही.

उपाय? एक मीटरभर वायर. स्विचची परतीची वायर हँडलवरून काढली आणि स्वतंत्रपणे मागे आणून डबीच्या काळ्या वायरीला, स्टिरिओच्या अगदी शेजारी, सोल्डर केली. म्हणजे मूळ गाडीच्या कारखान्याने जे केलं होतं तेच. बटणं पुन्हा शिकवली. आता डिपर, अप्पर, इंडिकेटर, हॉर्न सगळं एकदम चालवलं तरी आवाज वर म्हणजे वरच. पहिली, तुम्ही ‘बिघाड’ म्हणून परत पाठवलेली डबीसुद्धा लावून पाहिली. तीही उत्तम चालते.

डबीला पांढऱ्या वायरीसोबत परतीची एक वायर तुम्ही पहिल्यापासून दिली असती, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. ती कुणी आणि किती पैसे वाचवायला गाळली, हा तुमचा घरचा मामला. पण माहितीपत्रकात एक ओळ बदलायला तर वायरही लागत नाही.

जाता जाता आणखी एक. पान ४ वर डबीची पॉवर स्टिरिओच्या पिवळ्या, म्हणजे बॅटरीच्या कायम चालू वायरीला द्यायला सांगितलंय. चावी बंद असताना तुमची डबी झोपत नाही, ८० मिलिअँपिअर खात बसते. माझी बॅटरी १८ अँपिअर-तासांची आहे, म्हणजे पुरी भरलेली असली तरी साधारण नऊ दिवसांत रिकामी. दोन आठवड्यांनी गावाहून परतलो तर सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक. डबी आता लाल, म्हणजे चावीबरोबर चालू होणाऱ्या वायरीवर आहे, आणि शिकवलेली बटणं ती विसरत नाही, हे मी तपासलंय. मग पिवळी वायर सुचवण्याचं कारण काय, ते कळवलंत तर बरं होईल.

न्याय म्हणून हेही लिहितो की डबीपासून स्टिरिओपर्यंतची बाजू चोख आहे. ३.५ मिमीची पिन रिमोटच्या सॉकेटमध्ये घातली आणि विषय संपला. डबी सीलबंद आहे, तीन मोठ्या पावसांत भिजूनही तिने कुरकुर केली नाही. माल चांगला आहे, म्हणूनच त्या पान ३ चा राग जास्त येतो.

माझ्या मागण्या: दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरची आणि तुमच्या सल्ल्यावरून घेतलेल्या स्विच सेटची पूर्ण रक्कम परत मिळावी. दुसरा अ‍ॅडॉप्टर मी खोक्यासकट परत पाठवायला तयार आहे. स्विच सेट हवा असेल तर तोही घेऊन जा. वॉरंटीच्या नोंदीतला ‘ग्राहकाच्या चुकीच्या वायरिंगमुळे’ हा शेरा काढून तसं लेखी कळवावं. आणि पान ३ वरची ती ओळ बदलून ‘स्विचची परतीची वायर अ‍ॅडॉप्टरच्या काळ्या वायरीलाच जोडावी, हँडलला किंवा बॉडीला जोडू नये’ अशी करावी. शब्द मी आयतेच लिहून दिलेत, थेट छापलेत तरी हरकत नाही.

दोन्ही बिलांच्या प्रती, वॉरंटीचा शेरा, पान २ आणि ३ चे फोटो, आणि मीटरवर ०.४७ दिसतानाचा फोटो सोबत जोडला आहे. फोटोत अप्परच्या स्विचवर दिसणारा अंगठा मुलीचा आहे.

उत्तर पंधरा दिवसांत आणि लेखी द्यावं. फोन करू नये. मागच्या तिन्ही वेळा मी ‘धन्यवाद’ म्हणून फोन ठेवला आणि तुमच्याकडे त्याची नोंद ‘ग्राहक समाधानी, तक्रार बंद’ अशी झाली.

आपला,
असमाधानी ग्राहक
(तक्रार अजून उघडी आहे)