‘आजी आजारी आहे, चल’ : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या मुलींना माहेरून येणारे बोलावणे

महोदय,
सविनय नमस्कार.

जून २०१३ मधली नाशिकची गोष्ट. एक बाप रिक्षा घेऊन लेकीच्या सासरी गेला. आजी आजारी आहे, तुला भेटायचं म्हणतेय, चल, असे त्याने सांगितले. लेकीने जातीबाहेर लग्न केले होते, आणि तिचे दिवस भरत आले होते. ती निघाली. रिक्षातच बापाने दोरीने तिचा गळा आवळला. पोटातल्या बाळासकट ती गेली.

हा खटला शेवटपर्यंत चालला. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २०१७ मध्ये बापाला फाशी सुनावली, २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी माफीची सवलत न देता वीस वर्षांची सक्तमजुरी ठरवली. दारिद्र्य, लहानपणी आईबापांनी केलेली आबाळ, आधीचा कोणताही गुन्हा नसणे हे सगळे न्यायालयाने पाहिले. फाशी योग्य की वीस वर्षे, या वादात मी पडत नाही. माझा प्रश्न त्याच्या बराच आधीचा आहे. ती रिक्षात बसली का?

बसली, कारण बाप न्यायला आला होता.

घरच्यांच्या रागाला भिऊन पळून गेलेली मुलगी अनोळखी माणसाला दार उघडत नाही. पण आईचा फोन आला की तिचा आवाज बदलतो. मी एका तालुक्याच्या गावी कौटुंबिक समुपदेशनाचे काम करते, हा बदल मी समोर बसून पाहिला आहे. त्यातून मुलगी गरोदर असेल तर विचारूच नका. डोहाळे, ओटी, पहिले बाळंतपण, आपल्याकडे हे सगळे माहेरशी बांधलेले. सासरचे कितीही चांगले असोत, सातव्या महिन्यात तिला आईच हवी असते. मारणाऱ्यालाही हे ठाऊक असते.

डिसेंबर २०१५ मध्ये कोल्हापूरच्या कसबा बावड्यात भाऊ बहिणीच्या घरी गेले आणि बहिणीला व मेव्हण्याला मारून आले. डिसेंबर २०२१ मध्ये वैजापूर तालुक्यात लाडगावच्या शिवारात आई आणि भाऊ मुलीला भेटायला आले. ती शेतातले काम टाकून धावत घरी आली आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला गेली. ती चुलीपाशी असताना भावाने कोयत्याने वार केले आणि आईने तिचे पाय धरले, असे तेव्हा पोलिसांनी सांगितले होते. तीही गरोदर होती. आठवडाभर आधी आई एकदा येऊन गेली होती, आणि मुलीला वाटले असणार की राग निवळला.

म्हणून मला पहिल्या पंधरा दिवसांपेक्षा राग निवळल्यासारखा वाटतो त्या दिवसाची जास्त भीती वाटते. आपली यंत्रणा मात्र नेमकी तिथेच फाईल बंद करते.

एक प्रसंग सांगते. पोलीस ठाण्याचे नाव घेत नाही, कारण दुसऱ्या ठाण्यात वेगळे काही घडले असते अशी मला खात्री नाही. लग्न करून आलेली एक जोडी संरक्षण मागायला गेली होती. मुलगी सज्ञान, कागदपत्रे सगळी जवळ. साहेब वाईट नव्हते, उलट मायाळू होते. त्यांनी मुलीच्या वडिलांना फोन लावला, चहा मागवला, दोघांना समोरासमोर बसवले. वडील रडले, मुलगीही रडली. ‘आपसात समेट झाला, तक्रार नाही’ असा जबाब लिहून घेतला गेला. मुलगी कुठे राहते हे तोपर्यंत वडिलांना माहीत नव्हते. त्या चहापानात ते कळले. त्या मुलीला पुढे काही झाले नाही, देवाची कृपा. पण राज्याच्या पोलिसांनी देवाच्या कृपेवर किती दिवस काढायचे?

कायदा नाही, असे मी म्हणणार नाही. नाशिकच्या त्या खुनानंतर जातपंचायतीचा जाच उघड झाला, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम हाती घेतली आणि ऑगस्टमध्ये नाशकात त्यासाठी परिषद झाली. त्याच महिन्याच्या २० तारखेला पुण्यात समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. मोहीम थांबली नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केला आणि जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. जातीच्या पंचांनी दंड ठोठावला, वाळीत टाकले, तर आज गुन्हा दाखल होतो. पण पंचांच्या धाकाने किंवा धाकाशिवायही जो बाप रिक्षा घेऊन निघतो, त्याला हा कायदा वाटेत कुठे आडवा येत नाही.

त्याला अडवण्याची सोय सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी या संस्थेच्या खटल्याच्या निकालात सांगितली होती : प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, त्यात पोलीस अधीक्षक आणि समाजकल्याण अधिकारी, चोवीस तास हेल्पलाइन, जोडप्यांसाठी सुरक्षागृह, आणि हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यावर खात्यांतर्गत कारवाई. सुरक्षागृहांची कार्यपद्धती सांगणारे आपल्या सरकारचे परिपत्रक निघायला डिसेंबर २०२४ उजाडले. दरम्यानच्या काळात, डिसेंबर २०२२ मध्ये, याच राज्याने आंतरधर्मीय लग्न केलेल्यांची माहिती गोळा करायला समिती मात्र तातडीने नेमली होती, आणि तिचा हेतू मुलींचा माहेरशी तुटलेला संवाद जोडणे हा होता! संवाद जोडायला माझी ना नाही. तो कोणाच्या मागणीवरून, कुठे आणि कोणासमोर जोडायचा, एवढेच मी विचारते आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत, त्यांना नवा कायदा लागत नाही.

संरक्षण मागायला आलेल्या मुलीच्या घरी ठाण्यातून फोन जाता कामा नये. तिनेच सांगितले, तिला भेटायचेच आहे, तर भेट ठाण्यात किंवा सुरक्षागृहात व्हावी, नवऱ्याचा किंवा तिचा पत्ता कोणाच्या तोंडून निघू नये, आणि ‘समेट झाला’ हे शब्द फाईलच्या शेवटी नकोत, त्यांच्यापासून नवे पान सुरू व्हावे. त्या पानावर महिला पोलिसाने दर महिन्याला एक फोन केल्याची नोंद हवी. किमान वर्षभर. गरोदर असेल तर बाळंतपण होईपर्यंत नक्कीच.

दुसरी गोष्ट समाजकल्याण खात्याची, पण तिथवर हात आपलाच पोचतो. जोडप्यातले एक जण अनुसूचित जातीचे आणि दुसरे सवर्ण असेल, तर सरकार पन्नास हजार रुपये देते. त्यासाठी दोघांचा एकत्र फोटो, दाखले, संयुक्त खाते, सगळे त्या कार्यालयात जमा होते. विशेष कक्षात बसायचा तो अधिकारीही त्याच खात्याचा. मग अर्ज घेताना ‘तुम्हाला घरून धोका वाटतो का?’ एवढा एक प्रश्न का विचारला जात नाही? उत्तर ‘हो’ आले आणि जोडप्याची संमती असली, तरच ते पोलीस अधीक्षकांकडे जावे. तिसऱ्या कोणाच्याही हाती ती यादी पडू नये. यादी फुटली तर ती मारेकऱ्यांसाठीच केल्यासारखी होईल, हे मला कळते.

आणि मोजणी. संसदेत दिलेल्या उत्तरानुसार देशात प्रतिष्ठेपायी झालेल्या खुनांचा आकडा २०१४ मध्ये २८ होता आणि २०१५ मध्ये २५१. एका वर्षात बाप आणि भाऊ नऊपट क्रूर झाले, हे काही मला पटत नाही. पोलीस कोणत्या रकान्यात काय लिहितात, यावर हा आकडा हलतो. आपल्याकडे अशा किती मुलींच्या नावापुढे ‘कौटुंबिक वाद’ किंवा ‘आकस्मिक मृत्यू’ लिहिले गेले, ते जिल्ह्याजिल्ह्याचे जुने कागद काढून तपासायला लावा.

एक राहिलेच. नाशिकच्या खटल्यात त्या रिक्षाचालकाची साक्ष महत्त्वाची ठरली. घरातले गप्प बसतात तेव्हा रिक्षावाला, शेजारीण, आशाताई हेच काय ते बोलणारे उरतात. त्यांनी ११२ लावून ‘इथे काहीतरी बरं दिसत नाही’ म्हटले, तर पलीकडच्याने ‘हा घरातला मामला आहे’ असे उत्तर देऊ नये, एवढे तरी आपण लेखी आदेशाने आजच करू शकता.

आपली,
एक समुपदेशक