मधली तीन वर्षे

चि. मृण्मयी हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

ज्या देशाकडून धावतेस तो बदलण्यासाठीचा अर्ज तू दाखल केल्याचे दादाकडून कळले. तू स्वतः सांगितले असतेस तर अधिक बरे वाटले असते, परंतु मी रागावलेली नाही आणि हे पत्र तुझे मन वळवण्यासाठीही लिहीत नाही. तुझे शिक्षण तेथे झाले, प्रशिक्षक तेथे आहेत, आणि पायाच्या शस्त्रक्रियेनंतर तुला पुन्हा धावती केली तीही तेथल्याच माणसांनी. त्यांच्या गणवेशात धावावेसे तुला वाटणे मला समजते. लोक काय म्हणतील याचीही मला चिंता नाही. मला चिंता आहे ती मधल्या तीन वर्षांची.

नियम मी वाचले आहेत. जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने २०१७ मध्ये असे सर्व बदल थांबवले आणि २०१८ मध्ये नवी चौकट घातली. एका देशाचे प्रतिनिधित्व केलेल्या खेळाडूला दुसऱ्याकडून उतरण्यापूर्वी किमान तीन वर्षे थांबावे लागते, वयाची वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत बदल करता येत नाही, आणि नवा देश नागरिकत्वाचे पूर्ण हक्क देतो की नाही हेही तपासले जाते. कोवळ्या वयातील धावपटूंना पैशाच्या जोरावर उचलून नेण्याचे प्रकार थांबावेत म्हणून हे केले, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे. पण नियम कितीही योग्य असला, तरी तो निभवायचा आहे तुला. त्या काळात तू निमंत्रितांच्या स्पर्धांत स्वतःच्या नावावर धावशील, पण जागतिक स्पर्धेत नाही आणि ऑलिम्पिकमध्येही नाही. जुन्या संघाने नाव कमी केलेले आणि नव्या संघाने अजून घेतलेले नाही, अशा वेळी पाय पुन्हा दुखावला तर डॉक्टर कोणाचा, खर्च कोणाचा, आणि विचारपूस करणारे तरी कोण?

तुझ्याच शर्यतीतला सैफ सईद शाहीन घे. केनियात स्टीफन चेरोनो म्हणून वाढलेला हा मुलगा २००३ मध्ये कतारचा झाला आणि त्याच महिन्यात पॅरिसला तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे तुझ्या त्या अडथळ्यांच्या आणि पाण्याच्या शर्यतीत, जगज्जेता ठरला. ऑलिम्पिकचा नियम मात्र तेव्हाही तीन वर्षांचाच होता. जुन्या देशाच्या संमतीने ती मुदत कमी होऊ शकते, पण केनियाने संमती दिली नाही. २००४ मध्ये अथेन्सला त्या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली, आणि थोड्याच दिवसांनी ब्रसेल्सला शाहीनने ७ मिनिटे ५३.६३ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. तो विक्रम २०२३ पर्यंत टिकला. ऑलिम्पिक पदक मात्र त्याला कधीच मिळाले नाही. पॅरिसच्या त्या अंतिम शर्यतीत त्याचा भाऊ केनियाकडून धावत होता, हे वाचल्यापासून मी त्यांच्या आईचा विचार करते. दोघांच्या अंगावर दोन वेगळे गणवेश असताना तिने कोणाकडे पाहिले असेल?

केनियातच जन्मलेल्या विल्सन किपकेटरचेही तसेच. १९९५ मध्ये तो डेन्मार्ककडून आठशे मीटरचा जगज्जेता झाला, आणि पुढच्याच वर्षी पूर्ण नागरिकत्व नसल्यामुळे ऑलिम्पिकला मुकला. पुढे रौप्य मिळाले, कांस्य मिळाले, सुवर्ण राहूनच गेले. धावपटूची उत्तम वर्षे किती थोडी असतात हे तुला मी सांगायला नको, आणि तरी सांगते आहे.

हे उपदेशासारखे होऊ लागले आहे, त्याबद्दल क्षमा कर. खरे तर आज दिवसभर मला आठवत होते ते तुझे पाण्याच्या अडथळ्यावरून पहिल्यांदा पडणे. हर्डल्सचे अडथळे धक्का लागला की आडवे होतात, पण तुझे हे लाकडी अडथळे जागचे हलत नाहीत, हे मला त्या दिवशीच कळले. तू गुडघा फोडून घेतलास, चिंब भिजून वर आलीस आणि माझ्याकडे न पाहता पुढे धावत सुटलीस. अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाणी, एवढी शर्यत तू पहिल्यांदा पूर्ण केलीस तेव्हा तुझे बाबा मैदानाच्या जाळीला धरून उभे होते आणि त्यांना बोलता येत नव्हते. ते आज असते तर त्यांनी तुला काहीही विचारले नसते. मला तेवढे जमत नाही.

जिम्नॅस्ट ओक्साना चुसोवितिनाविषयी तू मला सांगितले होतेस. मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, उपचारांसाठी ती उझबेकिस्तानातून जर्मनीला गेली, २००८ मध्ये बीजिंगला तिने जर्मनीसाठी व्हॉल्टमध्ये रौप्यपदक मिळवले, आणि मुलगा बरा झाल्यावर पुढे पुन्हा उझबेकिस्तानकडून खेळू लागली. तिच्याविषयी मला फार आदर आहे. पण तुझ्या निर्णयाला असे कोणतेही मोठे कारण जोडण्याची गरज नाही. तेथे तुझे आयुष्य आहे, एवढे कारण मला पुरते.

दादाला ते अजून पुरत नाही. त्याच्याशी बोलणे टाकू नकोस. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात मुंबईकर सौरभ नेत्रावळकरने अमेरिकेकडून खेळताना कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि रोहितलाही बाद केले, तेव्हा हाच तुझा दादा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होता. परक्याच्या मुलाचे जे कौतुक त्याला करता आले, ते बहिणीचे करायला त्याला थोडा वेळ लागेल इतकेच.

आता दोनच गोष्टी सांगते. जुन्या महासंघाशी भांडून बाहेर पडू नकोस. दुखापतीच्या वर्षी त्यांनी तुझी साधी चौकशीही केली नाही, हे मी विसरलेली नाही. तरीही उद्या ऑलिम्पिकसाठी मुदत कमी करून घ्यायची झाली तर जुन्या देशाची संमती लागेल, म्हणून सभ्य भाषेत लेखी निरोप दे आणि त्याची प्रत जपून ठेव. दुसरे म्हणजे, या तीन वर्षांतील उपचारांची जबाबदारी कोणाची, हे नव्या संघाकडून किंवा क्लबकडून लेखी घे. तोंडी आश्वासनावर सराव सुरू करू नकोस. पायाचे पुन्हा विचारणार नाही असे ठरवले होते, पण सकाळी उठल्यावर टाच अजून आखडते का, ते खरे कळव.

माझा पासपोर्ट मी नूतनीकरणासाठी दिला आहे. गरज पडली तर मी तेथे येऊन राहीन, तुझ्या संघात जागा असो वा नसो. विम्याच्या कागदांची प्रत मात्र याच आठवड्यात पाठव.

तुझी,
आई