विहिरीत ढकला, पण पाठीला भोपळा बांधून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावरचा अमेरिकन फुटबॉलमधल्या तरुण क्वार्टरबॅकबद्दलचा (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) लेख वाचला. नवख्याला थेट मैदानात उतरवा, असं त्याचं म्हणणं. भाषा झकास. ब्राइस यंगची उंची आली, त्याचा शांत स्वभाव आला, त्याच्या करारातले डॉलर आले. त्याच्यापुढे उभं राहून त्याला वाचवणाऱ्या पाच जणांपैकी एकाचंही नाव मात्र आलं नाही! 2023 मध्ये तो 62 वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला, हा आकडा लेखकमहाशयांनी दिला आहे खरा, पण 'पोरगा चेंडू फार वेळ धरून बसतो' याचा पुरावा म्हणून.

यंगच्या कॅरोलायना संघाचे त्या वर्षीचे दोन ठरलेले गार्ड आठवा, म्हणजे त्या पाचांतले मधल्या सेंटरच्या दोन बाजूंचे. ऑस्टिन कॉर्बेट गुडघ्याच्या दुखापतीमुळे हंगामाच्या सुरुवातीला बाहेर, परत आला आणि पुन्हा जायबंदी. ब्रॅडी क्रिस्टेन्सनचा दंडाचा स्नायू पहिल्याच सामन्यात फाटला, त्याचा हंगाम तिथेच संपला. मग गार्डच्या जागी जो हाताशी लागेल तो. बुटक्या क्वार्टरबॅकला कडेने येणारा रशर (त्याला पाडायला धावणारा बचावपटू) एक वेळ चालतो, दोन पावलं पुढे सरकलं की तो पाठीमागून निघून जातो. गार्ड आणि सेंटरच्या फटीतून माणूस आत घुसला तर पुढे सरकायला जागाच राहत नाही, आणि त्याने हात वर केले की मैदानाचा मधला पट्टा दिसेनासा होतो.

याचे परिणाम पायांत दिसतात. पाच पावलांच्या ड्रॉपमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन मागे सरकताना, पाचवं पाऊल टेकलं की नजर पहिल्या रिसीव्हरवर (पास झेलणाऱ्यावर) हवी. तो मोकळा नसेल तर अर्धं पाऊल पुढे आणि दुसरा, पुन्हा अर्धं पाऊल आणि तिसरा. एवढ्याला अडीच ते तीन सेकंद लागतात. दोन सेकंदांच्या आत छातीवर माणूस येऊ लागला की नजर रिसीव्हर सोडून रशरकडे वळते, वजन मागच्या पायावर राहतं आणि चेंडू उंच जातो. पुढे ही पाच जणांची लाईन सुधारली तरी ही खोड लवकर जात नाही. कॅरोलायनाला उशिरा का होईना हे उमगलं. 2024 मध्ये त्यांनी रॉबर्ट हंट आणि डेमियन लुईस हे दोन गार्ड आणले, एकट्या हंटचा करार पाच वर्षांचा, 10 कोटी डॉलरचा. आदल्या वर्षी ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) यंगला घेण्याच्या सौद्यात मात्र त्यांनी स्वतःचा सर्वोत्तम रिसीव्हर डी. जे. मूर शिकागोला देऊन टाकला होता. वर 2024 ची पहिल्या फेरीची निवडही दिली. संघ 2–15 (2 विजय, 15 पराभव) असा आपटला, तळाच्या संघाची म्हणून ती निवड पहिल्या क्रमांकाची ठरली आणि शिकागोने तीवर क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स घेतला. धन्य ते व्यवस्थापन.

आता 2023 मध्ये यंगला खेळी कोण सांगत होतं, ते बघा. आधी मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइक, मग त्यांचे सहायक थॉमस ब्राउन, मग पुन्हा राइक. अकरा सामन्यांनंतर राइक यांना नारळ, क्वार्टरबॅकचे प्रशिक्षक जॉश मॅकाउनही त्याच दिवशी बाहेर, आणि पुन्हा ब्राउन. खेळी ऐकवणारा हेल्मेटमधला रेडिओ प्ले-क्लॉकवर (खेळी सुरू करण्याची मुदत मोजणारं घड्याळ) 15 सेकंद उरले की बंद होतो. सांगणारा बदलला की त्याची लय बदलते, खेळी उशिरा पोचते, आणि नवख्या पोराला हडल (खेळी सांगायचा घोळका) मोडून बचावाची मांडणी वाचायला पाच-सात सेकंदच उरतात.

'पाण्यात ढकलल्याशिवाय पोहता येत नाही,' असं लेखात ऐटीत म्हटलं आहे. आपल्याकडे विहिरीत ढकलतानाही पाठीला सुका भोपळा बांधतात, साहेब! थोर क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगलाही 1998 मध्ये पहिल्याच सामन्यापासून उतरवलं होतं. त्याने 28 इंटरसेप्शन दिली, म्हणजे तेवढे पास विरोधकांनी झेलले, संघ 3–13. पण सॅक फक्त 22, आणि खेळी सांगणारे टॉम मूर पुढे दहा वर्षं तेच. चुका त्याच्या स्वतःच्या होत्या, म्हणून त्यातून शिकता आलं. उलट ह्यूस्टनचा डेव्हिड कार, 2002 मध्ये 76 सॅक. ज्याच्यावर भिस्त होती तो टॅकल (लाईनच्या टोकाचा खेळाडू) टोनी बोसेली खांद्याच्या दुखण्यामुळे त्यांच्यासाठी एकदाही मैदानात उतरला नाही.

पहिल्या वर्षी करायचं काय, तर अनुभवी सेंटर द्या आणि माइक लाइनबॅकर (बचावाच्या मध्यावरचा खेळाडू) ओळखून हाक मारायचं काम त्याच्याकडे ठेवा. टाइट एंडला (लाईनच्या कडेला उभा राहणारा रिसीव्हर) कडेच्या रशरला खांदा लावूनच धावायला सांगा. प्ले-अॅक्शन (चेंडू धावणाऱ्याला देण्याची हूल देऊन पास) आणि रोलआउट (एका बाजूला धावत जाऊन पास) जास्त ठेवा, म्हणजे अर्धंच मैदान वाचावं लागेल. आठवड्याच्या सरावात पहिल्या संघासोबतचे स्नॅप (खेळी) त्यालाच द्या. बाकावर बसवायचं तर कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्ससारखं बसवा, पुढे अनुभवी अॅलेक्स स्मिथ असताना. यंगला 2024 मध्ये दोन सामन्यांनंतर बसवलं, त्याला शिक्षण म्हणत नाहीत.

जाता जाता, लेखासोबतच्या चित्रात काळ्या-पांढऱ्या गोल चेंडूला लाथ मारणारा खेळाडू आहे. ते कोणाच्या नजरेतून सुटलं? सुपर बोल हा अंतिम सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो, त्या दिवशीच्या अंकात निकाल येणार नाही हे समजतं. पण मंगळवारी मध्यंतरातल्या गायिकेला पाव पान आणि सामन्याला दोन ओळी? यंदा निदान दोन्ही क्वार्टरबॅकचे पूर्ण पास आणि सॅक तरी छापा.

आपला,
एक वाचक, ठाणे