राळेत जपलेले भुंगेरे

महोदय,

म्यानमारमधील सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या अंबरमध्ये (म्हणजे झाडांच्या राळेच्या जीवाश्मात) सापडलेल्या 'अँगीमॉर्डेला' या भुंगेऱ्याच्या अंगावर फुलांचे ६२ परागकण आढळल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा कीटकांकडून होणाऱ्या परागीभवनाचा प्राचीन आणि थेट पुरावाच हाती आला. खडकातील ठशांत बहुधा टणक पंखांपलीकडे फारसे उरत नाही. राळेत मात्र मुखांगे आणि पायांवरचे केसही शाबूत राहतात, आणि कुळांची नाती ठरवताना हेच बारकावे मोलाचे ठरतात. तरीही राळेत मुख्यतः झाडांवर वावरणारे लहान कीटकच अडकत असल्याने, अंबरमध्ये न सापडलेले कुळ त्या काळी नव्हतेच असे मानणे घाईचे होईल. भुंगेरे फुलझाडांच्या कितीतरी आधी, पर्मियन काळातच (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी) अवतरले होते, हेही अशा बातम्यांत आवर्जून नमूद व्हावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक