खालच्या मजल्यावरच्या आजींना, बटाट्यांबद्दल

प्रिय आजी,

हे पत्र मी मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला ते वाचता येणार नाही. मुद्दामच. तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही हात झटकता, "बटाटेच तर होते" म्हणता आणि खिडकीतल्या कुंड्यांकडे वळता. इथे तुम्हाला मला अडवता येणार नाही. शिवाय श्टुटगार्टमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर कोण राहतं, हे माझ्या माणसांना कळायलाच हवं.

माझ्या माहेरी माळ आहे. मी स्वतः काही माळकरी नाही, एकादशीसुद्धा धड पाळत नाही. पण मांसमच्छी कधी तोंडाला लागली नाही आणि लागावी असं वाटलंही नाही. जर्मनीला निघाले तेव्हा ज्याने त्याने एकच दिलासा दिला: बटाट्याचा देश आहे, तुझे हाल होणार नाहीत. अहो, पण इथला बटाटा एकटा राहतच नाही! आदल्या दिवशी उकडून गार केलेल्या बटाट्यांच्या चकत्या कांद्याबरोबर खरपूस परततात, ते ब्राटकार्टोफेल्न. वास असा सुटतो की नुकतं जेवलेला माणूस पुन्हा ताट घेईल. आणि त्यात श्पेक, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या, धुरी दिलेल्या मांसाचे बारीक तुकडे. बटाट्याच्या दाट सुपात सॉसेजच्या चकत्या. कोलोनकडे कुस्करलेल्या बटाट्याबरोबर शिजवलेलं सफरचंद खातात हे ऐकून मी खूश झाले होते, तर त्याच्यावर रक्ताचं सॉसेज. किसलेल्या बटाट्याचे कुरकुरीत पुफर सफरचंदाच्या गोड लगद्याबरोबर मिळतात, पण तेही विचारूनच घ्यावे लागतात, कारण काही ठिकाणी ते डुकराच्या चरबीत तळतात. सगळ्यात फसवं म्हणजे या श्वाबन मुलखातलं, श्टुटगार्टच्या आसपासचं, कार्टोफेलसालाट, म्हणजे बटाट्याचं सॅलड. दिसायला नुसते बटाटे आणि कांदा, पण मुरलेलं असतं मांसाच्या रश्श्यात.

"तेवढं बाजूला काढ आणि खा." हे वाक्य मला इथे सगळीकडे भेटलं. कॅन्टीनमध्ये, ज्यांच्याकडे जेवायला बोलावलं होतं त्यांच्या घरी, आणि पैसे भरून लावलेल्या स्वयंपाकाच्या वर्गातही. त्या वर्गाच्या जाहिरातीत शाकाहाऱ्यांचं स्वागत होतं. प्रत्यक्षात मला कोपऱ्यातल्या टेबलावर मिठाच्या पाण्यात उकडलेले बटाटे आणि वर भुरभुरायला पार्सली मिळाली. रश्श्यात काय आहे असं विचारल्यावर बाईंनी सगळ्यांसमोर उलट मलाच विचारलं, की मग तुम्ही इथे शिकायला आलात तरी काय? लोक हसले. वाईट माणसं नव्हती ती, पण हसली. आपली मंडळी तरी कुठे कमी आहेत? इथे मुरलेल्या एका गृहस्थांनी गणपतीच्या आरतीनंतर मला समजावलं, की जर्मन जेवणात शिकण्यासारखं असतं काय, बटाटा उकडायचा आणि मीठ लावायचं. बोलताना त्यांच्या ताटात उकडलेल्या बटाट्याची पिवळी भाजीच होती. असो.

मला शिकायचं होतं ते मुलीसाठी. किंडरगार्टनच्या कार्यक्रमाला आईबापांनी काही ना काही करून न्यायचं असतं. मी समोसे नेते, त्यांचं कौतुकही होतं, पण ते पाहुण्यांचं कौतुक. पोरगी इथेच जन्मली, इथलीच आहे. तिला मैत्रिणींच्या आयांसारखं सालाट हवं होतं, आणि ते तिच्या आईला खाता येईल असं हवं होतं. यात अवघड काय आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

तुम्ही शिकवायला सुरुवात केलीत ती दुकानापासून. आपल्याकडे बटाटा म्हणजे बटाटा, फार तर नवा की जुना. तुम्ही आधी पिशवीवरची पट्टी बघता. बहुतेक पिशव्यांवर ती असते. हिरवी म्हणजे फेस्टकोखेंड, शिजूनही आकार न सोडणारा, सालाटचा आणि परतायचा बटाटा. निळी म्हणजे मेलिगकोखेंड, पिठूळ, कुस्करायचा आणि सुपाचा. लाल पट्टी मधल्यांची, आणि ती घेणाऱ्यांबद्दल तुमचं मत फारसं चांगलं नाही. हिरव्यांतही तुमचा जीव लिंडावर. १९७४ सालचं हे वाण. वाणावरचा हक्क संपत आला तेव्हा, २००४ मध्ये, बियाणे कंपनीने त्याची नोंदणीच मागे घेतली. शेतकरी आणि खाणारे भांडत राहिले आणि २०१० मध्ये लिंडा पुन्हा रीतसर नोंदवली गेली. ही हकीकत तुम्ही अशी सांगता, की जणू तुमच्याच घरातली मुलगी कोर्टातून सुटून आली.

सालाटची पूर्ण कृती मी इथे देत बसत नाही, ती तुमची आहे. पण ज्यांनी मला नुसते उकडलेले बटाटे दिले त्यांच्यासाठी एवढं लिहिते, की रस्सा मांसाचाच लागतो हे खरं नाही. गाजर, लीक, सेलरीचा कंद आणि पार्सली यांची जुडीच बांधलेली मिळते. त्यात कांदा अर्धा चिरून, सालासकट, कोरड्या तव्यावर पार काळा करून टाकायचा. रंग येतो आणि एक खोल चव येते. हा रस्सा व्हिनेगर आणि मोहरीच्या पेस्टसह कढत कढत ओतायचा, बटाटेही गरम असतानाच सोललेले आणि चिरलेले हवेत. तेल सगळ्यात शेवटी, कारण ते आधी पडलं की बटाटा रस्सा पीत नाही. ढवळताना पचपच आवाज आला पाहिजे. नाही आला तर आणखी एक पळी. तुमचं म्हणणं, श्वाबन माणूस सालाट आधी ऐकतो आणि मग खातो.

तुम्ही स्वतः मात्र श्वाबन नाही. थ्युरिंगियाच्या, म्हणजे तेव्हाच्या पूर्व जर्मनीतल्या. बर्लिनची भिंत पडल्यावर नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आलात आणि पहिल्याच उन्हाळ्यात तुमच्या मेयोनीजच्या सालाटला इथल्या शेजारणींनी नाकं मुरडली. वाडगा भरलेलाच घरी परत आला, हे तुम्ही हसत सांगितलंत. पण सांगताना त्या बायकांची नावं अजून पाठ आहेत तुम्हाला.

तुमच्या माहेरचा पदार्थ म्हणजे क्लोस, बटाट्याचे मोठाले गोळे. दोन भाग कच्चा बटाटा, एक भाग शिजवलेला. कच्चा किसून कापडी पिशवीत असा पिळायचा की हातात कोरडा चुरा राहावा. पिळलेल्या पाण्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तो फेकायचा नाही, परत चुऱ्यात घालायचा. मग शिजवलेला बटाटा पातळसर कुस्करून उकळत्या अवस्थेत त्यावर ओतायचा आणि दंड भरून येईपर्यंत घोटायचं. गोळ्याच्या पोटात लोण्यात परतलेले पावाचे तुकडे. पाणी खळखळलं की गोळे फुटतात, म्हणून ते नुसतं थरथरत ठेवायचं. तो पांढरा थर मला दाखवताना तुम्ही तुमच्या आजीबद्दल बोललात. १९१६ साली बटाट्याचं पीक बुडालं आणि पुढचा सगळा हिवाळा लोकांनी गुरांना घालायच्या कंदांवर काढला. त्यानंतर तुमच्या घरात बटाट्याचं काही वाया जाऊ देत नाहीत. प्रशियाच्या फ्रीडरिख राजाचं मी नाव काढलं होतं. त्याने २४ मार्च १७५६ ला बटाटा लावायचा हुकूम काढला आणि लोक अजून पोट्सडामला त्याच्या थडग्यावर बटाटे ठेवतात. तुम्ही मान न उचलता म्हणालात, "हुकूम त्याने काढला, सोलले बायकांनी."

आणि हो, मी तापाने पडले होते तेव्हा तुम्ही दारात ठेवलेली ताटली. सालीसकट उकडलेले बटाटे, क्वार्क (आपला चक्का समजा) आणि वरून जवसाचं तेल. पूर्वेला लाउझित्सकडचं रोजचं जेवण म्हणालात. जवस! मी विदर्भातली. चटणीतला जवस मला श्टुटगार्टच्या जिन्यात भेटेल असं वाटलं नव्हतं.

पण हे सगळं राहू दे. पत्र लिहायला बसले ते गेल्या रविवारच्या अंगणातल्या जेवणासाठी. इमारतीतले सगळे होते, शेगडीवर सॉसेज भाजत होती, प्रत्येकाने आपापलं भांडं आणलेलं. तुमची दोन पातेली शेजारी शेजारी होती. दोन्ही पांढरी, निळ्या काठाची, दोन्हींत सालाट. एकाच्या कानाला कपडे वाळत घालायचा लाल चिमटा लावलेला, आणि त्यातल्या डावालाही तसाच दुसरा. मी त्याकडे बघितलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत, बस एवढंच. मला काही सांगितलं नाहीत, कोणाला जाहीर केलं नाहीत.

मग वरच्या मजल्यावरचे ते उंच गृहस्थ आले, हातात सॉसेज उलटायचा चिमटा, त्यावरून चरबी ठिबकतेय. ते थेट लाल चिमट्याच्या पातेल्याकडे वळले. तुम्ही उठलात, त्यांचं कोपर धरलंत आणि त्यांना दुसऱ्या पातेल्याकडे वळवलंत. ते म्हणाले, का हो? आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "त्यात माझ्या हातून मोहरी जास्त पडलीय. तुम्हाला झेपणार नाही."

आजी, ते धादांत खोटं होतं. ते सालाट मी खाल्लं, अख्ख्या आयुष्यात तसा बटाटा खाल्ला नव्हता. तुमच्या हातून मोहरी जास्त पडायची नाही, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. आपल्या स्वयंपाकाला तुम्ही स्वतःहून नावं ठेवून घेतलीत, तेही या श्वाबन लोकांसमोर, ज्यांनी एकदा तुमचा वाडगा भरलेला परत पाठवला होता. का, तर तिथे माझं खाणं हा चर्चेचा विषय होऊ नये. धर्म का, तब्येतीसाठी का, अंडं चालतं का, मासा तरी, आणि मग बाजूला काढून खायचा सल्ला. ती सगळी फेरी तुम्ही एका थापेत चुकवलीत. मी ताट घेऊन बाकाच्या टोकाला जाऊन बसले, कारण डोळे भरून आले होते आणि ते कांद्यावर ढकलता येण्यासारखं नव्हतं.

श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून जोडशहरं आहेत. हार घालून, भाषणं करून झालेली मैत्री, चांगलीच गोष्ट आहे. पण माणसाला माणसाशी नीट वागायला करार लागत नाही, आणि जमतं ते फार थोड्यांना. बहुतेक चांगली माणसं मदत करतात आणि मग आपण ती कशी केली ते चारचौघांत सांगतात, त्यात घेणारा अर्धा खचतो. तुम्ही दिलंत आणि वर दोष स्वतःकडे घेतलात. माझी आजी असं करायची. शेजारणीला पीठ उसनं देताना म्हणायची, "बरं झालं आलीस, माझ्याकडे पोरकिडे व्हायला लागले होते." तिच्या डब्यात किडा कधी नव्हता.

तुमची,
वरच्या मजल्यावरची

ता. क. अकरा नोव्हेंबरला किंडरगार्टनमध्ये कंदिलांची मिरवणूक आहे आणि सालाट आमच्याकडे आलंय. तुमचं मोठं पातेलं लागेल. हिरव्या पट्टीच्या पिशव्या मी आणते, तुम्ही ते ओझं घेऊन जिना चढायचा नाही. मोहरी घालताना मात्र शेजारी उभ्या राहा. खरंच जास्त पडली तर आता कोणी विश्वास ठेवणार नाही.